रापणीचा दिवस

सोमवार, १४ ऑक्टोबर २०४१. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पातेरवाडीत, समुद्रापासून तिसऱ्या घरात, शमिका कुबलला पहिली कळ आली. ती तेव्हा ओट्यापाशी उभी राहून चहात आलं किसत होती. दुसरी कळ सहा एकावन्नला आली, तिसरी सात वाजून तीन मिनिटांनी. तिचे वडील विश्राम कुबल यांनी तिन्ही वेळा भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवल्या. मग त्यांनी रुग्णालयाला कळवलं आणि उरलेलं आलं स्वतः किसलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. शमिकाची आई पाच वर्षांपूर्वी गेली होती. तरीही सातव्या महिन्यात विश्राम पुण्याला जाऊन मुलीला घेऊन आले. तिथे तिचं करणार कोण, असं जावयाने, निनादने, संकोचत विचारलं होतं. चाळीस माणसांची रापण वीस वर्षं सांभाळली, एक बाळंतीण जड नाही, एवढंच विश्राम म्हणाले. बोलल्याप्रमाणे त्यांनी केलंही. सकाळची पेज, दुपारचा सौम्य कालवणाचा घास, संध्याकाळी पायांना तेल. तेल लावताना ते मान फिरवून समुद्राकडे बघत बसायचे, कारण मोठ्या झालेल्या मुलीच्या पायांकडे बघायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं.

सगळी तयारी झाली होती. फक्त रुग्णालयाच्या अर्जातला अकरावा रकाना अजून कोरा होता. त्या रकान्यात वेदनाशमनाचा निवडलेला पर्याय लिहायचा होता.

बहुतेक बायकांना त्या रकान्याचा विचारच करावा लागत नाही. पाठीच्या कण्यात बारीक नळीतून भूल देतात, कमरेखालचं दुखणं जातं आणि बाई शुद्धीवर राहते. शमिकाला तो मार्ग बंद होता. चौदाव्या वर्षी वाकडा कणा सरळ करायला तिच्या पाठीत दोन धातूच्या सळ्या बसवल्या होत्या, आणि नेमकी जिथे सुई घालायची तिथेच हाडं एकमेकांत जुळली होती. भूलतज्ज्ञांनी पाठीची क्ष-किरण छायाचित्रं पाहिली आणि नकार दिला. उरले चार पर्याय. नाकातोंडावर मुखवटा लावून घ्यायचा वायू, ज्याने दुखणं थोडं दूर गेल्यासारखं वाटतं. दंडातलं इंजेक्शन, ज्याने आईबरोबर बाळालाही गुंगी येते. काहीच न घेणं. आणि टोपी.

टोपी हे नर्सनी ठेवलेलं नाव. शमिकाच्या सासूबाईंनी, वसुधाताईंनी, सांगलीहून फोनवर ते ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, की दवाखाने टोपी घालतात हे माहीत होतं, पण आता उघड सांगूनच घालतात म्हणायचं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांच्या वेळी नवऱ्याला मनसोक्त शिव्या घालायची मोकळीक होती, आणि तेवढंच औषध होतं. मात्र लागू पडायचं.

डॉ. इरावती साटम यांनी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शमिकाला टोपीचं शास्त्र समजावून सांगितलं होतं. त्या हळू बोलत आणि प्रत्येक मुद्द्यानंतर थांबत. कळ पोटात उठते, पण दुखतं ते डोक्यात, असं त्या म्हणाल्या. पोटाकडून निघालेला संदेश कण्यातून वर चढतो, मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका चौकात पोचतो आणि तिथून फुटतो. एक वाट सांगते की कुठे आणि किती. दुसरी वाट सांगते की हे वाईट आहे, हे थांबव. टोपीतून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी त्या चौकावर एकवटतात आणि दुसरी वाट अरुंद करतात. पण एवढ्या मोठ्या संदेशाला नुसतं अडवून भागत नाही. त्याला जायला जागा लागते. ती जागा म्हणजे त्या बाईची एखादी जुनी आठवण.

आठवण कपाटातल्या कागदासारखी पडून राहत नाही, हे गेल्या काही दशकांत कळलं आहे. ती मनापासून काढली की काही तास ओली होते, सारवलेल्या जमिनीसारखी, आणि मग पुन्हा वाळते. ओली असताना तिच्यावर जे पाऊल पडेल ते उमटतं. म्हणून कळा सुरू झाल्यावर बाईने निवडलेली आठवण कुणाला तरी एकदा सविस्तर, मोठ्याने सांगायची. चार-पाच तासांच्या आत टोपी चढवायची. मग येणारी प्रत्येक कळ त्या आठवणीत शिरते. जोर तोच राहतो, अर्थ बदलतो. बाई दुखणं सोसत नाही, ती झोका चढवत असते किंवा घाट चढत असते.

तेव्हा आठवण कशी हवी, हे ओघानेच आलं. शरीराच्या मेहनतीची, लयीची, शेवट चांगला असलेली. आणि स्वतः जगलेली.

याची किंमत डॉ. साटम यांनी न विचारता सांगितली. राज्यात दोन वर्षांत दोनशे बारा बायकांनी टोपी घेतली होती. त्यांतल्या एकशे एकतीस जणींना ती आठवण नंतर सापडली नाही. सत्तावन्न जणींना ती बाळंतपणात मिसळलेली सापडली. चोवीस जणींची जशीच्या तशी राहिली. कुणाची राहील, हे आधी सांगता येत नव्हतं.

फिलोमिना सिस्टर टोपीचं यंत्र चालवायच्या. वेंगुर्ल्याच्या, पन्नाशीच्या, तीन मुलांच्या आई. त्यांचा नियम साधा होता. जी गेल्यावर रडू येईल ती आठवण द्यायची नाही. एकीने लग्नातला नाच दिला, एकीने मंगळागौरीचा झिम्मा, एकीने सायकलवरून केलेला आंबोलीचा घाट. घाट देणारी नंतर म्हणाली होती की पाय दुखल्याचं आठवतं, पण घाट कुठला ते नाही. सिस्टर स्वतः तिन्ही वेळा काहीही न घेता ओरडल्या होत्या. तिसऱ्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या बाईने त्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि ती बाई आजही त्यांची मैत्रीण आहे.

शमिकाने आधी कॉलेजातली एक चढण देऊन पाहिली. चाचणीच्या वेळी डोक्याला तारांची जाळी लावून ती आठवण सांगितली. पडद्यावर मेंदूचा नकाशा जवळजवळ काळाच राहिला. पोहण्याची आठवण थोडी उजळली आणि विझली. मग, जी द्यायची नाही असं ठरवून आली होती ती तिने काढली, नुसतं बघायला. हात, खांदे आणि टाचा यांच्या जागा पडद्यावर एकदम लखलखल्या. सिस्टर खुर्चीतून पुढे झाल्या. एवढा उजेड त्यांनी आजवर दोनदाच पाहिला होता.

ती रापणीच्या दिवसाची आठवण होती.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडत जायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे. एकेका दोराला वीस-वीस माणसं. मागे मागे चालत ओढायचं, शेवटाला पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याकडे धावत यायचं आणि पुढून धरायचं. असं दोन-तीन तास. आता पातेरवाडीत कुणी रापण लावत नाही. पण ज्या वर्षी मे महिन्यात मोठं वादळ आलं, त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एका सकाळी विश्रामच्या रापणीत बांगडा असा लागला होता की चार होड्या भरूनही वाळूवर ढीग उरला. शमिका नऊ वर्षांची होती. ती दोरावर होती, बाबांच्या मागे. बाबांची पाठ, भिजलेल्या दोराचा मनगटाएवढा जाडपणा, तळहात सोलवटलेले, आणि शेवटी जाळं वर येताना पाण्याखाली पेटल्यासारखा उजेड. पाठीत सळ्या बसण्याच्या आधीचं ते शरीर तिच्याकडे फक्त त्या एका सकाळीत शिल्लक होतं.

देऊ नकोस, असं तिचं एक मन म्हणत होतं. दुसरं मन ऑपरेशननंतरचे अकरा दिवस विसरायला तयार नव्हतं. त्या अकरा दिवसांत दुखण्याच्या भरात ती आईला नको नको ते बोलली होती. आईने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि नंतर तो विषय कधी काढला नव्हता. शमिकाला दुखण्याची जेवढी भीती होती त्याहून जास्त त्या बोलणाऱ्या मुलीची होती. निनादला तिने हे सांगितलं तेव्हा त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. टोपी घे, असं तो म्हणाला. आठवण गेली तर दुसऱ्या करू. तो समजुतीने बोलत होता, म्हणून तिने फोन आदळला नाही. तिने तो शांतपणे ठेवला.

सात पंचवीसला रुग्णालयाची गाडी आली. तिला चालक नव्हता. विश्रामना ते पटत नसे, म्हणून ते पुढच्या सीटवर बसून रस्त्यावर नजर ठेवून होते, जणू त्यांनी नजर हटवली तर गाडी शेतात जाईल. अडतीस किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापायला आलेलं भात, त्यावर सकाळचं धुकं उतरलेलं. शमिका मागच्या सीटवर कुशीवर होती. दोन कळांच्या मधला वेळ तिला फार लांब आणि फार मऊ वाटत होता, दुपारच्या झोपेतून अर्धवट उठल्यासारखा.

सात पन्नासच्या कळेनंतर तिने ठरवलं. आठवण कुणाला तरी सांगायची तर त्या सकाळचा जो दुसरा साक्षीदार होता, त्यालाच सांगावी. तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. वाळू गार होती. होडी परत येत होती. तू पुढे होतास, बाबा, निळ्या लुंगीत. ती अजिबात घाई न करता सांगत गेली. दोर, टाचा, हैसाचा आवाज, पक्ष्यांची झुंबड, पाण्याखालचा उजेड. शेवटी वाळूवर वाटे घातले आणि तिच्या वाट्याला अकरा बांगडे आले, इथपर्यंत.

विश्राम मागे वळले नाहीत. रस्त्याकडे बघतच त्यांनी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. कोणी नाही, मला आठवतं, ती म्हणाली. गाडी एका पुलावरून गेली. पूल संपल्यावर ते बोलले.

“तू थंय नव्हतंस गो. तुका ताप इल्लो. घराक निजलेलंस.”

शमिकाने वाट्याचं काढलं. रापणीची रीत अख्ख्या वाडीला ठाऊक होती. ज्याचा हात दोराला लागला त्यालाच वाटा. मोठा असो की पोर. वाटा मिळाला म्हणजे ती दोरावर होती. तिने अकरा बांगडे मोजले होते, ते तिच्या नावाचे होते.

“तुझो वाटो मीच घराक धाडलंय,” विश्राम म्हणाले. “रोज येय होतंस दोरार. त्याच दिवशी नेमक्या नव्हतंस. माका वायट वाटला.”

वीस वर्षांत त्यांनी रापणीची रीत मोडली ती तेवढीच एकदा. हेही त्यांनी सांगितलं, कबुली दिल्यासारखं, पुढच्या काचेकडे बघून.

आठ वीसला गाडी पोचली. तपासणी झाली. गर्भाशयाचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं होतं, बाळाचे ठोके उत्तम होते. शमिकाने कपडे बदलायच्या आधी डॉ. साटमना बोलावून घेतलं आणि गाडीतलं सगळं सांगितलं. जगलेलीच आठवण चालते ना, असं विचारलं. मग पडद्यावरचा तो उजेड कुठून आला?

डॉ. साटम खाटेच्या कडेवर बसल्या. हात खोटे नाहीत, त्या म्हणाल्या. दोर शमिकाने ओढलाच होता, दुसऱ्या सकाळी, कितीतरी सकाळी. मोठ्या मासळीची गोष्ट घरात आली, वाडीत वर्षानुवर्षं सांगितली गेली, आणि मुलीच्या मनाने रोजचे हात त्या एका दिवसाला जोडून दिले. वाटा हातात आल्यावर शंका घ्यायला जागाच उरली नाही. अशा जोडलेल्या आठवणी सगळ्यांच्याच असतात. फक्त त्यांच्यावर टोपी आजवर कोणी चढवली नव्हती, किंवा चढवली असेल तर ती जोडलेली आहे हे कळलं नव्हतं.

मग जाईल काय, शमिकाने विचारलं. न घडलेला एक दिवस, की ते सगळे दिवस, जे त्यात विणले गेलेत?

“मला माहीत नाही,” डॉ. साटम म्हणाल्या. “माहीत असल्यासारखं बोलता येईल, पण ते मी करणार नाही.”

आठवण सात पन्नासला ओली झाली होती. साडेबारानंतर टोपी लावून उपयोग नव्हता.

नऊ वाजता शमिकाने वायूचा मुखवटा घेतला. पहिल्या काही कळा त्याने सुसह्य झाल्या. खोलीच्या भिंती श्वासाबरोबर थोड्या पुढे-मागे होत होत्या, खिडकीबाहेरचा नारळ अगदी जवळ येऊन पुन्हा मागे जात होता, आणि तिला वाटलं की असंच तरंगत संध्याकाळ गाठता येईल. साडेनऊनंतर कळा मुखवट्याच्या वरून येऊ लागल्या. सळ्यांच्या दोन्ही बाजूंनी कंबर पिळवटायची. विश्राम उशाशी उभे राहून तिच्या कपाळावरचा घाम पुसत होते. निनाद पुण्याहून निघाला होता, अजून घाटातच होता. दर वीस मिनिटांनी त्याचा निरोप यायचा, की कुठे पोचला. सिस्टर तो मोठ्याने वाचायच्या आणि सांगायच्या, की एवढे निरोप पाठवण्यापेक्षा त्याने गाडी पळवावी.

दहा पस्तीसच्या कळेत शमिकाने वडिलांचा हात झटकला.

“तू खोटा बोलतस,” ती ओरडली. “भायर जा. तोंड दाखव नको माका.”

कळ ओसरली. विश्राम फडकं घडी करून टेबलावर ठेवत होते, कडेला कड जुळवून. शमिकाने स्वतःचा आवाज ओळखला होता. चौदा वर्षांची ती मुलगी पंधरा वर्षांनी परत आली होती, तशीच, एक दिवसही मोठी न होता. आणि अजून सहा-सात तास होते.

तिने वडिलांना जवळ बोलावलं. माफी मागितली नाही, कारण त्यांच्या घरात तशी सवय नव्हती. मी टोपी घेते, असं सांगितलं. मग विचारलं, की हे सगळं गेलं, रापणच माझ्या डोक्यातून गेली, तर ती तू मला सांगशील ना. किती वेळा विचारलं तरी.

विश्रामनी होकारार्थी मान हलवली. पण ते सरळ माणूस होते आणि एकदा मोडलेल्या रीतीचा हिशेब त्यांनी आजच मांडला होता.

“मी सांगतलंय,” ते म्हणाले. “पण त्या दिसाच्या सांगण्यात तू नसतलंस.”

दहा अठ्ठेचाळीसला तिने अकराव्या रकान्यात लिहिलं आणि सही केली. दहा पंचावन्नला सिस्टरनी टोपी चढवली. ती वजनाला हलकी होती, आतून गार.

पहिल्यांदा आवाज गेला. मग वाळू आली.

शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा उजेड होता, कुठल्याच एका दिशेचा नसलेला. दोर हातात होता, ओला, जाड, आणि तो समुद्रात जात होता तिथे पाण्याला रेघही पडत नव्हती. पुढे बाबांची पाठ. त्यांच्या पुढे कितीतरी पाठी, धुक्यात जाईपर्यंत. खूप खोलवर, जिथे पाणी काळं असतं, तिथे काहीतरी जड हललं. त्याचा ओढा दोरातून हळूहळू वर येऊ लागला. तो हातात पोचला तेव्हा सगळे एकदम मागे रेलले, टाचा वाळूत रुतल्या, आणि शमिकाही रेलली. ते जड होतं, फार जड होतं, पण ते आपलंच होतं आणि येत होतं. मग ओढा सैल झाला. सगळ्यांनी दोर सोडला आणि पाण्याकडे धावायला लागले. धावणं खूप वेळ चाललं. पाय लागत नव्हते. पाठ लवचिक होती, वेताच्या छडीसारखी, आणि तिला हसू येत होतं.

पुन्हा दोर, पुन्हा तो खोलवरचा हालता भार. कधीतरी ओढणाऱ्यांत निनाद येऊन उभा राहिला, पायांत बूट घालून, आणि शुद्ध पुणेरी मराठीत विचारू लागला की नेमकं कुठे धरायचं. कुणीतरी त्याला जागा करून दिली. पक्षी आले. एका पक्ष्याने फिलोमिना सिस्टरच्या आवाजात सांगितलं की आठ सेंटीमीटर, छान चाललंय. शमिकाला ते अगदी योग्य वाटलं.

एकदाच तिला भीती वाटली. दोर सोडून धावताना तिची नजर मागे, घरांकडे गेली. तिसऱ्या घराचं दार लोटलेलं होतं. आत कुणीतरी निजलंय, हे तिला दिसल्याइतकं स्वच्छ कळलं. आपण इथे इतका आवाज करतोय तर ते उठेल, असं वाटून ती थबकली. तेवढ्यात ओढा आला आणि तिने पाठ फिरवून दोर धरला.

तीन वाजून पाच मिनिटांनी सिस्टरनी यंत्राचा जोर एक-तृतीयांशावर आणला. हे प्रत्येकीच्या बाबतीत करावं लागतं, रापण देणारीच्या बाबतीत तर नक्कीच. ओढणारं शरीर शेवटच्या टप्प्यात उपयोगाचं नाही. आता ढकलायचं होतं. समुद्र कागदावर काढल्यासारखा सपाट झाला, वाळूचा रंग उडाला, आणि त्यातून कळ स्वतःच्या नावाने आली. शमिका ओरडली. काय ओरडली ते, तोवर येऊन पोचलेल्या निनादने नंतर आईला फोनवर सांगितलं. त्याला एकही शिवी मिळाली नव्हती. वसुधाताईंना हे फारसं पटलं नाही.

तीन बावन्नला मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. ती रडायच्या आधी क्षणभर सगळ्यांकडे बघून घेतेय, असं विश्रामना वाटलं. ते तेव्हा दाराबाहेर होते आणि दाराला काच नव्हती, हे सिस्टरनी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे शमिकाला विचारण्यात आलं, की दिलेल्या आठवणीतलं काय आठवतं. रापण, बांगडे, बाबा पुढे, असं ती म्हणाली. शब्द होते, पण परीक्षेसाठी पाठ केल्यासारखे. दोराचा जाडपणा विचारला तर तिने अंदाजाने सांगितला. बाकीच्या सकाळी, खरोखर ओढलेल्या, त्याही सापडल्या नाहीत. तळहातांकडे बघत ती बराच वेळ बसली. मग बाळाला भूक लागली.

पातेरवाडीला परतल्यावर विश्रामनी शब्द पाळला. मुलीला पाजून झाल्यावर ती ओटीवर येऊन बसायची आणि ते सांगायचे. कुठे होडी सोडली, कोण कुठल्या दोरावर होतं, पहिला बांगडा कुणाला दिसला. रोजच्या सकाळच्या गोष्टींत ते तिला आणायचे, मोठ्या मासळीच्या गोष्टीत नाही. ती ऐकायची, लहानपणी ऐकत असेल तशीच. परक्या गावाची हकीकत ऐकावी, तितकी गोड आणि तितकीच लांबची.

सोमवार, २५ नोव्हेंबरला सहा आठवड्यांची तपासणी झाली. पुन्हा जाळी लावली. रापणीचा दिवस सांगा, असं सिस्टर म्हणाल्या. शमिका वेगळंच सांगू लागली. ती खोलीत आहे. तपकिरी घोंगडी, तिची कड हनुवटीला टोचते आहे. तोंड कडू. बाहेरून, फार लांबून, माणसांचा एकत्र आवाज येतो आणि जातो, येतो आणि जातो. तिला उठून तिकडे जायचं आहे. तिच्या कपाळावर गार, ओलं फडकं आहे आणि ते फडकं दर थोड्या वेळाने कुणीतरी उलटं करतं. तो हात आईचा आहे. आई काही बोलत नाही. आवाज थांबेपर्यंत ती तिथेच बसून आहे.

हे तिला याआधी कधीच आठवलं नव्हतं. पडद्यावर हात, खांदे आणि टाचा यांच्या जागा काळ्या होत्या. कपाळाची जागा उजळली होती, पहिल्या चाचणीत दोराने हात उजळले होते त्याहून किंचित जास्त.

डॉ. साटम यांनी दोन शक्यता सांगितल्या. वरचा थर निघून गेल्यावर खालचा खरा दिवस उघडा पडला असेल. किंवा वडिलांचं गाडीतलं वाक्य ओल्या जमिनीवर पडलं आणि सहा आठवड्यांत मेंदूने त्याच्याभोवती खोली, घोंगडी आणि आई उभी केली असेल, त्या वाक्याला जागा हवी म्हणून. दोन्ही वेळा पडदा असाच दिसला असता.

विश्राम बाहेर बाकावर नातीला घेऊन बसले होते. शमिकाने त्यांना विचारलं, की त्या दिवशी आई माझ्या कपाळावर फडकं ठेवत होती का. तपकिरी घोंगडी होती का घरात. विश्रामनी घोंगडीचं सांगितलं, की होती, दोन होत्या. फडक्याचं मात्र त्यांनी खूप वेळ आठवून पाहिलं. नात त्यांच्या बोटाला धरून झोपली होती.

“माका म्हायत नाय गो,” ते शेवटी म्हणाले. “मी थंय नव्हतंय.”

त्या दिवशी त्या घरात असलेलं दुसरं माणूस आता नाही. दोनशे तेराव्या नोंदीत डॉ. साटम यांनी लिहिलं आहे: जुनी आठवण अनुपलब्ध, नवी आठवण स्पष्ट, तिचा उगम अनिश्चित. पुढची चाचणी मंगळवारी, ११ मार्चला, सकाळी साडेदहा वाजता आहे.